उशा किती लागतात?

कळवणची थंडी ज्यांनी अनुभवलेली नाही, त्यांना ती सांगूनही पटत नाही. नाशिकहून सत्तर-ऐंशी किलोमीटर उत्तरेला आले की डोंगरांच्या कुशीत गिरणेचे हे खोरे लागते. मार्गशीर्ष-पौषात रात्री दहानंतर गावावर अशी काही शांतता उतरते की, दोन गल्ल्यांपलीकडच्या घरातला आवाजही ओळखू यावा. दिवसभर बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, उडणारी धूळ आणि लिलावाचा पुकारा. रात्री मात्र कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांचे खोकणे एवढेच काय ते उरते. या तालुक्यात शिक्षिका म्हणून सत्तावीस वर्षे काढल्यावर कोणत्या घरात कोण खोकते आहे हे मला अंथरुणात पडल्या पडल्या सांगता येऊ लागले होते. विडी ओढणाऱ्या आजोबांचा पहाटेचा ओला, खडखडता खोकला वेगळा. चुलीच्या धुराने छाती पोळलेल्या बाईचा वेगळा. लहान लेकराचा, शेवटी श्वास आत ओढून घेणारा डांग्या खोकला तर अंगावर काटाच आणणारा.

आमच्या भागात रात्रीच्या खोकल्याला अर्थ मात्र एकच लावला जातो. तो अर्थ कोणी तोंडाने उच्चारत नाही. कोणी खोकू लागले की शेजारीण चौकशी करते, काढा सुचवते, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिचे मूल आपल्या अंगणात खेळायला येत नाही. क्षयाची ही भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते आणि ते सोळा आणे खरे आहे. परंतु थुंकी तपासली, तिच्यात काही निघाले नाही, छातीचा फोटो स्वच्छ आला आणि तरीही माणूस रात्रभर खोकतच राहिला, तर पुढे काय? माझ्या निकटच्या दोन स्त्रिया या प्रश्नापाशी येऊन थांबल्या होत्या. एक माझ्या सासूबाई, दुसरी कांदा निवडायला येणारी एक तरुण आदिवासी बाई. दोघींच्याही खोकल्याचे मूळ छातीत नव्हते.

सासूबाईंना आम्ही सारे आईच म्हणत असू. २०१६ च्या दिवाळीनंतर त्यांचा रक्तदाब वाढल्याचे एका तपासणी शिबिरात निघाले आणि गोळी सुरू झाली. वय एकाहत्तर, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. गोळी लागू पडली, दाब उतरला, डोके जड होण्याचे थांबले. घरात समाधान पसरले. तीनेक आठवड्यांनी त्यांना खोकला सुरू झाला. थंडीचे दिवस, अंगणात कांद्याच्या रोपांची लगबग, हवेत धूळ. खोकल्याला कारणांची वाण नव्हती.

हा खोकला चमत्कारिक होता. कफ नाही, ताप नाही, धाप नाही. घशाच्या खालच्या बाजूला कोणी पिसाने गुदगुल्या कराव्यात तशी एक बारीक खवखव सुरू होई, आणि मग कोरडी ढास लागे ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिवसा कमी, पाठ टेकली की जास्त. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाले, सुंठ-गुळाच्या गोळ्या झाल्या, हळद घातलेले दूध झाले. औषधाच्या दुकानातल्या लाल आणि हिरव्या बाटल्या झाल्या. त्यांनी झोप तेवढी येई आणि झोपेतच खोकला येई. एका डॉक्टरांनी दोन वेळा प्रतिजैविके दिली. थुंकी तपासायची तर थुंकी निघेना. कशीबशी दोनदा दिली, दोन्ही वेळा निर्दोष आली.

तपासणीचा कागद निर्दोष आला तरी आईंच्या मनातली भीती गेली नाही. एके दिवशी सकाळी मी पाहिले तर त्यांचे ताट, लोटी आणि कप त्यांनी स्वतःच वेगळे काढून ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवले होते. त्या रात्रीपासून त्यांनी अंथरूणही ओसरीवर नेले. नातू तेव्हा सहा वर्षांचा होता आणि आजीच्या कुशीत झोपण्याची त्याला सवय होती. तिने आपल्याला का दूर केले हे त्याला कळेना. मी समजावले, ह्यांनी समजावले, त्या ऐकेनात. आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ आईच चालवीत. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दुसऱ्या कोणाचा आवाज त्या जागी ऐकलेला नव्हता. आता त्यांचे दहा मणीही सलग पुरे होत नसत. चौथ्या-पाचव्या मण्याला ढास लागे, त्या हाताने खूण करीत, आणि उरलेली प्रार्थना नातू त्याच्या बोबड्या उच्चारांत पुढे नेई. त्या खोकल्याने जिवाला धोका नव्हता हे आज माहीत आहे. पण त्या तीन महिन्यांत एका म्हाताऱ्या बाईचे घरातले स्थान हळूहळू दारापर्यंत सरकत गेले होते, आणि ते सरकविणारी ती स्वतःच होती.

उलगडा केला तो नाशिकच्या एका तरुण डॉक्टर मुलीने, आणि तोही छातीला नळी लावण्यापूर्वी. तिने विचारले, "आजी, घरात ज्या ज्या गोळ्या घेता त्या सगळ्या आणल्यात का?" आईंनी पिशवी उपडी केली. गोळ्यांचे निम्मे पाकीट कात्रीने कापलेले होते. आपल्याकडे दुकानदार पाच दिवसांच्या पाच गोळ्या कापून देतो आणि त्या कापण्यात नेमके औषधाचे नाव जाते; उरलेल्या तुकड्यावर कंपनीचे अर्धे अक्षर आणि किंमत शिल्लक राहते. सुदैवाने एका तुकड्यावर शेवटची अक्षरे वाचता येत होती: '…प्रिल'. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही सगळी एकाच कुळातली भावंडे. या कुळातल्या गोळीने शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा कोरडा खोकला लागतो, बायकांना पुरुषांहून अधिक लागतो, आणि तो गोळी सुरू केल्यावर काही तासांत लागतो किंवा काही महिन्यांनीही लागतो, असे तिने सांगितले. तिने ती गोळी बदलून 'सार्टन' या शेवटाची दुसरी लिहून दिली. खोकला जायला एक ते चार आठवडे लागतील, क्वचित तीन महिनेही लागतात, तोवर धीर धरा, असेही बजावले. बाराव्या दिवशी आई रात्री एकदाच उठल्या. चौथा आठवडा सरता सरता ओसरीवरचे अंथरूण आत आले.

गोळीने खोकला कसा लागतो, हे समजून घेण्याची मला शिक्षिकेच्या स्वभावाने उत्सुकता लागली, आणि हाती आले ते एका सापाचे चरित्र. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्या घोणस-फुरशांच्या दूरच्या कुळातला. तो चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने कोसळतो. १९४८ च्या सुमारास तिथल्या रोशा ई सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या विषाच्या अभ्यासातून रक्तातले एक द्रव्य सापडले. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या या द्रव्याला त्यांनी ब्रॅडिकिनिन असे नाव दिले. पुढे सेर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषातून असा अर्क काढला की, ज्यामुळे ब्रॅडिकिनिनचा परिणाम अधिक तीव्र होई. तो अर्क घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बाखले यांनी कुत्र्याच्या फुफ्फुसावर प्रयोग करून १९६८ साली दाखवून दिले की, रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य तयार करणारे फुफ्फुसातले विकर या अर्काने थांबते. बाखले हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारावेत, तसे माझेही टवकारले. त्यातूनच कॅप्टोप्रिल ही पहिली गोळी अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी या दोघांनी घडविली. १९८१ साली तिला तिथे मान्यता मिळाली.

खोकल्याचे मर्म याच कथेत आहे. फुफ्फुसातले ते विकर एकाच वेळी दोन कामे करते. रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य ते तयार करते आणि ब्रॅडिकिनिनचा निचराही तेच करते. गोळीने ते थांबविले की वाहिन्या सैल होतात, दाब उतरतो. पण निचरा न झालेले ब्रॅडिकिनिन श्वासनलिकेत साठते आणि तिथल्या नसांना डिवचत राहते. घरातली एकच मोरी पाणी घेते आणि धूणही काढते; ती बुजविली तर अंगणात चिखल व्हायचाच. सार्टन कुळातली औषधे ही मोरी बुजवीत नाहीत. ती पुढच्या टप्प्यावर अडसर घालतात, म्हणून त्यांनी सहसा खोकला लागत नाही.

रक्तदाबाच्या औषधांचा आणि सापाचा संबंध आपल्या महाराष्ट्राला तसा नवा नाही, निदान नावापुरता तरी. सर्पगंधेचे मूळ आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्या मुळाचा वाढलेल्या रक्तदाबावरचा गुण पद्धतशीर तपासला आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. जगाला रक्तदाबावरचे एक उपयुक्त औषध त्यामुळे गवसले, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्या औषधाचीही स्वतःची खोड होतीच: नाक चोंदे आणि काही माणसांचे मन विलक्षण खिन्न होई. किती घरांतून त्या उदासीचे खापर स्वभावावर, सुनेवर वा म्हातारपणावर फुटले असेल, देव जाणे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वाचून उद्या कोणी '…प्रिल' शेवटाची गोळी कचऱ्यात टाकायचा. ही गोळी वाईट नाही. ज्यांचे हृदय दुर्बल झाले आहे त्यांच्यासाठी ती केवळ दाबाची गोळी राहत नाही. ती आयुष्याचा आधार होते. १९८७ साली स्कॅन्डिनेव्हियातल्या २५३ अत्यवस्थ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ४४ दगावले, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी शेकडा २६. आणि खरी मेख पुढेच आहे. दुर्बल हृदयाचा रुग्णही रात्री खोकतो, कारण त्याच्या फुफ्फुसात पाणी साठते. म्हणजे तीच गोळी घेणारा तोच माणूस रात्री खोकू लागला, तर तो गोळीचा खोकला आहे की हृदयाचा, हे ठरवावे लागते. पहिल्यावर उपाय गोळी बदलणे. दुसऱ्यावर उपाय अधिक औषध. घरच्या घरी गोळी बंद करणाऱ्याने या दोहोंतला चुकीचा रस्ता धरला, तर आठवड्याभरात प्रसंग ओढवू शकतो. ओठ, जीभ वा चेहरा सुजू लागला तर मात्र गोष्ट वेगळी; ही गोळी क्वचित तसेही करते, आणि तेव्हा पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठायचा असतो.

हा फरक माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो दुसऱ्या बाईमुळे.

२०१९ चा पावसाळा उतरत आला होता. शेजारच्या कांदाचाळीत उन्हाळी कांद्याची निवड चालू होती. सडका कांदा वेगळा करायला पश्चिमेकडच्या पाड्यांवरून बायका येत. त्यांतली एक, तेवीस वर्षांची, दुपारी आमच्या पायरीवर पाणी प्यायला बसे. पहिली मुलगी तीन वर्षांची, दुसऱ्या खेपेचा सहावा महिना. ती बसली की बोलण्याआधी थोडा वेळ नुसता श्वास घेई. दोन जिवांची बाई, ओझी उचलते, धाप लागणारच, असे बाकीच्या बायका म्हणत. महिनाभर रात्रीचा खोकला होता. एका खाजगी दवाखान्यात तिला बाटल्या आणि सलाईन देऊन झाले होते. थुंकी तपासून झाली होती, निर्दोष होती. पाड्यावर मात्र निर्णय होऊन गेला होता. सासू तिच्या मुलीला तिच्याजवळ झोपू देत नव्हती.

आईंचा अनुभव ताजा होता, म्हणून मी प्रथम गोळ्यांचेच विचारले. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांखेरीज ती काहीच घेत नव्हती. म्हणजे ती वाट बंद. मग मी विचारले, "झोपतेस कशी?"

ती हसली. म्हणाली, "आडवी झाले की खोकला उठतो, बाई. महिना झाला, आडवी झालेच नाही. कणगीला टेकून बसते, तशीच डोळा लागतो. मग तास-दोन तासांनी जीव घुसमटून जाग येते. दाराशी जाऊन उभी राहते. वारा लागला की बरे वाटते."

कधी थुंकीत रंग येतो का, हेही विचारले. एकदा गुलाबी फेस आला होता. तिला वाटले हिरड्यांतून रक्त आले. आईंच्या खोकल्यात यातले काहीही नव्हते. आई उठून बसल्या तरी ढास थांबत नसे, आणि ढास थांबल्यावर त्या खुशाल चालत फिरत. या मुलीचा खोकला मात्र तिच्या धापेबरोबर येत होता आणि बसल्यावर निवत होता. दुसऱ्या दिवशी आशाताई आणि मी तिला घेऊन कळवणच्या सरकारी रुग्णालयात गेलो.

डॉक्टर तरुण होते, गर्दी अफाट होती. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, तो प्रश्न वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात असतो: "झोपताना उशा किती लागतात?" फुफ्फुसात पाणी साठणाऱ्या माणसाला सपाट झोपता येत नाही, तो एकावर एक उशा रचीत जातो, आणि उशांच्या संख्येवरून डॉक्टर हृदयाची अवस्था जोखतात. तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "एक पण नाही." डॉक्टर कागदावर लिहायला वाकले. तिच्या घरात उशी ही वस्तूच नव्हती. घोंगडी, एक गोधडी आणि भाताची कणगी. मी म्हणाले, "डॉक्टर, ती आडवी होतच नाही. महिनाभर कणगीला टेकून बसल्या बसल्या झोपते आहे." त्यांचे पेन थांबले. त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळविले, नळी ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिले. एवढ्या गर्दीत इतका वेळ एका जागी ऐकत राहिलेला डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता.

ही नळी मूळची पॅरिसची. १८१६ साली रेने लाएनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री रुग्ण म्हणून आली. तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक छातीवर आणि दुसरे आपल्या कानाशी धरले. आवाज अधिकच स्पष्ट ऐकू आला. लाएनेक यांनी दहा वर्षे लोकांच्या छातीतले आवाज नोंदविले आणि १८२६ साली ते स्वतः क्षयाने गेले.

आमच्या डॉक्टरांना ऐकू आली ती एका झडपेची घरघर. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची एक झडप असते. सोळाव्या शतकात आंद्रेआस व्हेसालियस यांना या दोन पाकळ्या पाहून बिशपांच्या डोक्यावरचा दुटोकी मुकुट आठवला, म्हणून तिचे नाव मायट्रल. दृढीकरणाच्या दिवशी आपण जो मुकुट डोळे भरून पाहतो, त्याचे नाव आपल्या प्रत्येकाच्या हृदयात आहे, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. निरोगी माणसात ही झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. तिच्या पाकळ्या कडांनी चिकटून गेल्या होत्या. नाशिकला सोनोग्राफीसारख्या यंत्रावर पाहिले तेव्हा फट एक चौरस सेंटिमीटरही भरली नाही. फुफ्फुसांतून आलेले रक्त या फटीतून खाली उतरेना, मागे तुंबू लागले, आणि तुंबलेल्या रक्तातले पाणी फुफ्फुसात झिरपू लागले. आडवे झाले की पायांकडचे रक्तही छातीकडे येते आणि तुंबारा वाढतो. उभे राहिले की उतरतो. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते. पहिल्या खेपेला निभावलेली झडप दुसऱ्या खेपेला हरली ती अशी.

मुळाशी काय होते? लहानपणीचा घसा. डॉक्टरांनी विचारल्यावर तिला आठवले: आश्रमशाळेत असताना, दहा-अकराव्या वर्षी, घसा दुखून गेला आणि काही दिवसांनी गुडघे सुजले. एक गुडघा बरा झाला की दुसरा, मग घोटा. महिनाभर घरी होती. 'वात आहे' असे ठरले, लेप लावले, सूज गेली, सारे विसरले. हा संधिवाताचा ताप. घशातल्या एका जातीच्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयावर हात उगारते. सांधे पुन्हा धड होतात. झडप मात्र वर्षानुवर्षे मूकपणे आखडत जाते. त्या वेळी पेनिसिलिनचे साधे इंजेक्शन मिळाले असते आणि पुढे दर एकवीस दिवसांनी मिळत राहिले असते, तर हे बहुधा टळले असते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना गाठणारा हा आजार दाटीवाटीच्या घरांत आणि वसतिगृहांत फोफावतो. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. आपल्या पाड्यांवरून गेलेला नाही. मी सत्तावीस वर्षे वर्गात गैरहजेरी मांडली. 'पाय दुखतात' हे कारण किती नावांपुढे लिहिले असेल, याचा हिशेब आता कोण करणार?

पुढचे नाशिकला झाले. पिवळे रेशनकार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना यांमुळे खर्चाचा प्रश्न सुटला. कागदपत्रांसाठी तिच्या नवऱ्याने घातलेल्या चार खेपांचे वर्णन मी करीत बसत नाही. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून अशीच आखडलेली झडप सैल केली होती. आता बोटाची जागा फुग्याने घेतली आहे. कांजी इनोऊए या जपानी शल्यविशारदांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, मधला पडदा ओलांडून झडपेत फुगा ठेवतात, आणि काही क्षण फुगवितात. चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडावी लागत नाही. पोटातल्या बाळाला क्ष-किरण लागू नयेत म्हणून तिच्या पोटाभोवती शिशाचे आच्छादन गुंडाळले होते. ती पूर्ण शुद्धीवर होती. नंतर तिने सांगितले की, फुगा फुगला तेव्हा एक क्षण सगळे थांबल्यासारखे झाले, आणि मग "छातीवरचा दगड कोणी उचलला."

त्या रात्री ती पलंगावर आडवी झोपली. खाटेवर उशी होती. ती तिने काढून बाजूला ठेवली, कारण उशीवर झोपायची तिला सवय नव्हती. फेऱ्यावर आलेल्या परिचारिकेने ती पुन्हा डोक्याखाली दिली, तिने पुन्हा काढली. असे दोनदा झाले. माघात तिला मुलगा झाला.

पुढे २०२० साल उजाडले आणि खोकल्याचा अर्थ साऱ्या जगातच बदलला. आमच्या बाजारात कोणी ठसका लागून खोकला तरी माणसे पांगत. त्या वर्षी आई मला म्हणाल्या, "आता सगळ्यांनाच कळले, ताट वेगळे काढणे म्हणजे काय ते." त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या, अगदी शेवटपर्यंत जपमाळ त्यांनीच चालविली.

ती बाई अजून कांदा निवडायला येते. दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन घेते. ते फार दुखते, म्हणून त्या दिवशी कामाला येत नाही, आणि तेवढी मजुरी बुडते. फुग्याने सुटलेली झडप काही वर्षांनी पुन्हा आखडू शकते, मग कदाचित ती बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. बदललेली धातूची झडप घेतली की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर आणि तपासणीसाठी नाशिकच्या खेपाही जन्मभर. तिची मुलगी आता आश्रमशाळेत आहे. मुलीचा घसा दुखला की ती मजुरी सोडून तिला आधी दवाखान्यात नेते.

गेल्या वर्षी मी त्यांच्या पाड्यावर गेले होते. घराला नवे कौल बसले आहे, भिंतीला नवा रंग आहे. ती आता जमिनीवर आडवी झोपते. कणगी मात्र त्याच कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर पुढे, तिला टेकता येईल अशीच ठेवलेली दिसली. जागा अडते, हलवीत का नाही, असे मी तिच्या नवऱ्याला विचारले. तो म्हणाला, "राहू दे, बाई. पुढच्या तपासणीत काय सांगतात ते बघू, मग हलवू."